सोयाबीनचे वावडे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कुणा शिकलेल्या बाईंना बोलावून त्यांचे चार शब्द ऐकावेत, अशी आपली रीत आहे. यंदा मात्र ताईंनी ठरविले की, आपल्यातल्याच एकीने घरच्या अनुभवातले काही सांगावे, आणि तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही. तेव्हा हे व्याख्यान समजू नये. दुपारच्या वेळी ओट्यावर धान्य निवडताना आपण एकमेकींशी बोलतो, तसे हे बोलणे समजावे, एवढी विनंती आहे.

विषय मी सोयाबीनचा घेतला आहे. नाव ऐकून काहीजणींना हसू आले असेल. नळदुर्गच्या बायकांना सोयाबीनविषयी कुणी काय शिकवावे? पेरणीपासून खुरपणीपर्यंत, काढणीपासून बनीम रचण्यापर्यंत आणि रास होऊन पोती भरण्यापर्यंत सगळे आपल्या हाताखालून गेलेले. भाव आला की पोरीच्या लग्नाची गोष्ट निघते आणि भाव पडला की घरात कुणी कुणाशी बोलत नाही, इतके ते पीक आपल्या संसारात मुरले आहे. हे सगळे खरे. पण भगिनींनो, शेतातले सोयाबीन आपण ओळखतो. ताटातले ओळखतो का? चपातीच्या पिठातले, बिस्किटातले, सूपच्या पुडीतले ओळखतो का? आपल्या शिवारातून पोते भरून लातूरच्या बाजाराला गेलेले सोयाबीन रूप बदलून, नाव बदलून, चकचकीत पाकिटात बसून परत आपल्याच दारात येते आणि आपल्याला त्याची ओळख पटत नाही. ज्या घरात सोयाबीनचे वावडे असलेले लेकरू आहे, त्या घराला ही ओळख पटवून घेणे भाग पडते. ते घर माझ्या लेकीचे आहे, म्हणून हा विषय.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. मी सोयाबीनची निंदा करावयास उभी राहिलेली नाही. ते अन्न चांगले आहे. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास भरतात. गरिबाच्या ताटात एवढी ताकद एवढ्या स्वस्तात देणारे दुसरे धान्य सापडणे कठीण. म्हणूनच १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत महात्मा गांधींनी आपल्या सोबतच्या मंडळींना सोयाबीन खाऊ घालून पाहिले आणि त्याविषयी आपल्या 'हरिजन' पत्रात लिहिले. पुढे मध्य प्रदेशात त्याची लागवड वाढली, १९८७ साली इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, आणि मग आपल्या मराठवाड्यातही ज्वारी, मूग, उडीद यांच्या रानात सोयाबीन पसरले. ज्यांना ते मानवते त्यांनी ते खुशाल खावे. फक्त कच्चे खाऊ नये आणि कच्चेच दळून वापरू नये. शिजवून किंवा नीट भाजून घ्यावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला आडकाठी करणारे द्रव्य असते, ते उष्णतेने बरेचसे नाहीसे होते.

आता वावडे म्हणजे काय ते सांगते. आपल्या भाषेत हा जुना शब्द आहे आणि डॉक्टर ज्याला अ‍ॅलर्जी म्हणतात त्याला तो अगदी चपखल बसतो. पण आपण बोलताना दोन गोष्टींची सरमिसळ करतो. हरभऱ्याची डाळ जास्त खाल्ली आणि पोटात वायू धरला, तर तिला आपण बाधली म्हणतो. ते बाधणे झाले. थोडी कमी खाल्ली तर चालते. वावड्याचे तसे नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. एखाद्याच्या शरीरातली ही शक्ती निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून बसते, आणि ते अन्न पोटात गेले की लढाई सुरू करते. मग अंगावर गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलटी होते, खोकला लागतो, कधी श्वास कोंडतो. हे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत होते. लहान बाळांत कधी याहून उशिरा उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कित्येकांना यासाठी ताटभर अन्न लागत नाही, एक घाससुद्धा पुरतो. म्हणून 'थोडेसे खाल्ल्याने काय होते' हे आपले नेहमीचे वाक्य येथे लागू पडत नाही.

माझ्या नातवाला हे वावडे आहे. लेकीचा मुलगा, आता पाचव्या वर्षात आहे. अडीच वर्षांचा असताना त्याला घरी सोयाबीनच्या वड्यांची भाजी भरविली. अर्ध्या तासात अंगभर गांधी, खालचा ओठ सुजून जाड झालेला, आणि दोन उलट्या. गावातल्या डॉक्टरांनी औषध दिले, रात्रीपर्यंत उतार पडला. सगळ्यांनी म्हटले, पित्त उठले असेल. पुढे महिन्याभराने सोयऱ्यांच्या घरी जेवण होते. लेकीने वाढण्याआधी विचारले. यजमानीणबाई म्हणाल्या, "अगं, साधी चपाती अन् वरण आहे, त्यात कुठलं सोयाबीन?" मुलाने चपाती खाल्ली आणि पुन्हा तोच प्रकार झाला. या खेपेला खोकलाही लागला आणि छातीत घुरघुर ऐकू आली. रात्रीच सोलापूरला न्यावे लागले. गाडीत लेक त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती, श्वास चालू आहे ना ते पाहात.

सोलापूरच्या डॉक्टरांनी औषधोपचार केले आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे प्रश्न विचारावयास सुरुवात केली. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, त्याआधी कधी झाला होता का, हे सगळे त्यांनी कागदावर मांडून घेतले. मग काही आठवड्यांनी हातावर सोयाबीन, दूध, शेंगदाणा, गहू अशा पदार्थांच्या अर्काचे एकेक थेंब ठेवून बारीक टोचले आणि पंधरा-वीस मिनिटे थांबून पाहिले. सोयाबीनच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी मोठी गांधी आली. डॉक्टर म्हणाले की, नुसत्या या चाचणीवर निकाल देत नाहीत. चाचणी आणि घडलेली हकीगत या दोन्ही जुळल्या म्हणजे खात्री होते.

आमचा शेंगदाण्याविषयीचा प्रश्न होताच, कारण शेंगांच्या चटणीशिवाय आपल्या भागातले जेवण होत नाही. त्यांनी सांगितले की, भुईमूग आणि सोयाबीन एकाच शेंगवर्गी कुळातले असले, तरी एकाचे वावडे असले म्हणजे दुसऱ्याचे असतेच असे नाही. मुलाला शेंगदाणा मानवत होता, तो चालू राहिला. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे घाबरून तूर, हरभरा, दूध, शेंगा सगळेच बंद करतात आणि पोर अन्नावाचून वाळते. जेवढे बंद करावयास डॉक्टर सांगतील तेवढेच बंद करावे.

मग त्या चपातीत काय होते? चार दिवसांनी लेकीने यजमानीणबाईंना सहज फोन केला, तेव्हा उलगडा झाला. बाई दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकून दळून आणीत असत. पोरांना ताकद यावी म्हणून आपल्यापैकी कितीतरीजणी असे करतात. त्यांच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की, ते पीठ त्यांच्या लेखी गव्हाचेच पीठ होते. त्यांनी खोटे सांगितले नाही, आणि हेळसांडही केली नाही. मायेने केलेली गोष्ट होती. म्हणून मला वाटते, या प्रकरणात दोष शोधण्यापेक्षा सोयाबीन कुठे कुठे लपते हे आपण सगळ्यांनी माहीत करून घेणे अधिक उपयोगाचे.

पहिली जागा आपले स्वयंपाकघर. चपातीचे पीठ झाले. थालिपिठाच्या भाजणीत हल्ली मूठभर सोयाबीन घालतात. लाडूच्या पिठात, चकलीच्या भाजणीत, लहान मुलांच्या सत्त्वाच्या पिठात घालतात. याहून न दिसणारी जागा म्हणजे पिठाची गिरणी. आपल्या आधी कुणाचे सोयाबीन घातलेले दळण झाले असेल, तर जात्याच्या पाळीत राहिलेले पीठ आपल्या ज्वारीत उतरते. तुम्हा-आम्हाला त्याने काही होत नाही. पण ज्याला वावडे आहे त्याला होऊ शकते. लेकीने यावर घरची छोटी गिरणी घेतली. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी गिरणीवाल्या भाऊंना आधी काय दळले ते विचारावे, आणि सकाळी गिरणी झाडून पुसून सुरू होते तेव्हा आपले दळण आधी लावण्याची विनंती करावी. मात्र वावडे तीव्र असेल तर एवढ्यावर भरवसा ठेवू नये, गहू-ज्वारी वेगळी दळण्याची सोयच करावी.

दुसरी जागा म्हणजे पाकीट. सोयाबीनच्या वड्या सर्वांना ठाऊक आहेत. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठापासून त्या करतात. त्यांचा बारीक चुरा खिम्यासारखा वापरतात, आणि कटलेट, सामोसे, पॅटिस यांच्या सारणात तो ओळखू येत नाही. बिस्किटे, पाव, चॉकलेट, झटपट शेवया, सूपच्या पुड्या, ताकदीची म्हणून विकली जाणारी प्रोटीनची पावडर, या सगळ्यांत सोयाबीन कुठल्या ना कुठल्या रूपाने असू शकते. आता पाकिटावर लिहिलेले नसते का? लिहिलेले असते. आपल्या देशात २०२० साली लेबलांविषयी जे नियम झाले, त्यांत अ‍ॅलर्जी करणाऱ्या आठ प्रकारांची नावे ठळक सांगण्याचे बंधन आहे. गव्हासारखी ग्लुटेनची धान्ये, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणाच्या वरचे सल्फाइट, असे ते आठ. अमेरिकेत असा कायदा २००४ साली झाला, त्यातही सोयाबीन आहे.

पण भगिनींनो, अडचण वेगळीच आहे. नियमाप्रमाणे पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला म्हणजे पुरते. बहुतेक पाकिटांवर तो इंग्रजीतच असतो, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने काय करावे? मी काय केले ते सांगते. नातवाच्या आईने मला तीन अक्षरे कागदावर मोठी काढून दिली आणि मी ती डब्याच्या झाकणाला चिकटविली. पहिले अक्षर एस, नागासारखे वळलेले. दुसरे ओ, बांगडीसारखे गोल. तिसरे वाय, गोफणीच्या बेचक्यासारखे दोन फांद्यांचे. ही तीन अक्षरे अशी ओळीने दिसली की तो सोया. त्याच्यापुढे एखादे ए असले तरी तो सोयाच. इंग्रजी न येणारी बाईसुद्धा एवढे एका दुपारी शिकते. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा.

अक्षरे शोधावयाची ती दोन ठिकाणी. एक, घटकांची यादी. दुसरे, तिच्या आसपास 'कंटेन्स' या शब्दापुढे दिलेली अ‍ॅलर्जीची ओळ. कधी 'मे कंटेन' असे लिहिलेले असते. म्हणजे त्या पदार्थात मुद्दाम घातले नाही, पण त्याच कारखान्यात सोयाबीन हाताळतात, थोडे मिसळलेले असू शकते. काही नावे अशी आहेत की ती ऐकून सोयाबीनची आठवणही येत नाही. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' आणि 'टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन' ही त्यांतली. 'व्हेजिटेबल' वाचून वाटते भाजी असेल, आणि ते सोयाबीन असते किंवा असू शकते. 'टोफू' म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर. '३२२' हा आकडा लेसिथिनचा. चॉकलेट-बिस्किटांत ते पुष्कळदा सोयाबीनचे असते.

लेसिथिन आणि तेल यांविषयी थोडे थांबून सांगते, कारण त्यावरून घरोघर घोटाळा होतो. वावडे होते ते सोयाबीनमधल्या प्रथिनांचे. कारखान्यात शुद्ध केलेल्या रिफाइंड तेलात प्रथिने जवळजवळ राहात नाहीत. म्हणून सोयाबीनचे वावडे असलेल्या बहुतेकांना ते तेल चालते. लेसिथिनमध्येही प्रथिनांचा अंश अगदी थोडा असतो आणि पुष्कळांना तेही चालते. घाण्याच्या कच्च्या तेलाची गोष्ट निराळी, त्यात प्रथिने राहू शकतात. आमच्या डॉक्टरांनी रिफाइंड तेलाला परवानगी दिली. पण माझ्या नातवाला चालले म्हणून तुमच्या मुलाला चालेलच असे मी म्हणणार नाही. ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषधाच्या काही मऊ कॅप्सूलमध्येही सोयाबीनचे तेल असते, तेव्हा औषध घेताना वावडे आहे हे आधी सांगावे. आणि ज्या तान्ह्या बाळाला गाईचे दूध मानवत नाही, त्याला मनाने सोयाबीनच्या दुधाची पावडर सुरू करू नये. अशा बाळांपैकी काहींना सोयाबीनही मानवत नाही.

तिसरी जागा म्हणजे रस्त्यावरचा गाडा आणि हॉटेल. आपले गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे, किल्ला आणि नर-मादी धबधबा पाहावयास माणसे येतात, खंडोबाच्या यात्रेला गर्दी होते. खाण्याच्या गाड्या पुष्कळ. चायनीजच्या गाड्यावर मंचुरियन असो, नूडल्स असोत की भात असो, काळा सोया सॉस पडतोच. तो सोयाबीनचा. एकाच कढईत आणि एकाच झाऱ्याने सगळे होते. तेथे पाकीट नाही, म्हणून वाचावयासही काही नाही. तेथे विचारावे लागते आणि उत्तराची खात्री वाटली नाही तर घरचा डबा उघडावा लागतो. नातू किल्ल्यात फिरावयास जातो तेव्हा आजीच्या पिशवीत चिक्की आणि घरची शंकरपाळी असतात, एवढीच आमची युक्ती.

आता खाण्याचे सोडून थोडे धुळीविषयी, कारण ती गोष्ट आपल्या खळ्यापर्यंत येते. स्पेन देशात बार्सिलोना नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या रोग्यांनी दवाखाने भरून जात. अशा सव्वीस साथी आल्या, काही माणसे दगावलीही. कारण सापडेना. शेवटी डॉक्टरांनी साथीच्या तारखा आणि बंदरात कोणत्या जहाजातून काय उतरविले त्याच्या तारखा शेजारी-शेजारी मांडल्या. तेव्हा दिसले की, साथीच्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरविले जात होते. एका मोठ्या कोठाराला धूळ अडविण्याची गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याने गावावर पसरे. कोठाराला गाळण्या बसविल्या आणि साथी थांबल्या. धुळीचे वावडे आणि खाण्याचे वावडे एकच नव्हे, एक असले म्हणजे दुसरे असते असेही नाही. पण ऑक्टोबरात आपल्याकडे मळणीयंत्र चालू होते, तेव्हा दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवू नये, नाका-तोंडाला मास्क किंवा घट्ट कापड बांधल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ देऊ नये, एवढे त्यातून घ्यावे. राशीच्या दिवसांत ज्याला दरसाल धाप लागते, त्याने 'हवा बदलली' म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना धुळीची गोष्ट सांगावी.

वेळ आलीच तर काय करावे, तेही लक्षात ठेवा. नुसत्या चार गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांनी दिलेले औषध देऊन लक्ष ठेवावे. पण जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, मूल गळून पडू लागले, एकसारख्या उलट्या होऊ लागल्या, तर आमसुलाचे पाणी लावीत किंवा हळद-दूध पाजीत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. मुलाला आडवे निजवून पाय थोडे उंच ठेवावेत. श्वास कोंडत असेल तर बसते ठेवावे. उठवून चालवू नये. अशा वेळी मांडीत देण्याचे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हा खरा उपाय आहे, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितके बरे.

भगिनींनो, हे सगळे शिकता येते. याहून कठीण गोष्ट दुसरीच आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे. माझ्या लेकीला या दोन वर्षांत औषधापेक्षा बोलण्याने जास्त त्रास झाला. "हे काय नवीन खूळ?" "आमच्या वेळी नव्हती असली अ‍ॅलर्जी." "पोराला नाजूक करून ठेवलंय." "पिढ्यानपिढ्या खातोय आपण, आपल्याला काय झालं?" मी शांतपणे विचारते, पिढ्यानपिढ्या आपण काय खात आलो? ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगांची चटणी. सोयाबीन आपल्या रानात आले ते अलीकडचे. माझ्या आईने ते लहानपणी पाहिलेही नव्हते. आणि समजा पिढ्यानपिढ्यांचे असते, तरी वावडे हा माणसा-माणसातला फरक आहे. एकाला वांगे सोसते, दुसऱ्याला सोसत नाही, हे आपण कधीपासून मान्य करीत आलो आहोत.

आपल्याकडे आग्रह करणे हे प्रेमाचे लक्षण. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक वाढावे, ही आपली शिकवण. पण वावडे असलेल्या मुलाच्या आईला हळदी-कुंकवाला, बारशाला, लग्नाच्या पंगतीला प्रत्येक वेळी तोंड वर करून विचारावे लागते, 'यात काय घातले आहे?' लोकांना वाटते, ही खोडी काढते. तिला वाटते, आपण उगीच कुणाचे मन दुखविले. मग ती हळूहळू जाणेच सोडते. एका धान्याच्या वावड्याने एक बाई आणि एक लेकरू माणसांतून उठते. हे मला सोसत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत. पहिली, मंडळातर्फे आपण भाजणी, चकल्या, लाडू करून विकतो, त्या प्रत्येक पिशवीत काय काय घातले त्याची मराठी चिठ्ठी ठळक अक्षरांत घालावी. सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांपैकी जे असेल ते वेगळे सांगावे. दुसरी, मंडळाच्या कार्यक्रमात खाऊ वाटण्याआधी त्यात काय आहे हे एकीने मोठ्याने सांगावे, म्हणजे कुणा आईला विचारावे लागणार नाही. तिसरी, दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर काहीही ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारावे, आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नये. चौथी, आपल्यापैकी ज्यांच्या मुली-सुना इंग्रजी वाचतात, त्यांनी एखाद्या दुपारी पाकिटे घेऊन बसावे आणि आम्हा बाकीच्यांना ती अक्षरे ओळखण्यास शिकवावे. खर्च काही नाही.

एक आशेची गोष्टही सांगते. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सोयाबीनचे वावडे असलेली १३३ मुले पाहून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. चौथ्या वर्षापर्यंत सुमारे २५ टक्के, सहाव्या वर्षापर्यंत ४५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ६९ टक्के मुलांचे वावडे आपोआप गेले, असे त्यांना दिसले. म्हणजे पुष्कळ मुले यातून मोकळी होतात. मात्र मोकळे झाले की नाही, हे घरी चमचाभर भरवून पाहावयाचे नसते. ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, थोडे थोडे देऊन पाहतात. आमची ती तारीख येत्या उन्हाळ्यात आहे.

निकाल काही लागो, पिशवीत चिठ्ठी घालण्याचे काम मात्र आपण त्याची वाट न पाहता सुरू करावे. नळदुर्गात माझ्या नातवासारखे आणखी एखादे लेकरू असेल आणि त्याच्या आईला अजून कारणही कळले नसेल. अंगावर वारंवार गांधी उठणारे मूल तुमच्या गल्लीत असेल, तर त्याच्या आईला आजचे बोलणे सांगा आणि डॉक्टरांकडे जाण्यास सांगा.